योगक्षेम : नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्याचा वृत्तांत व त्यापासून घ्यावयाचा बोध

‘योगक्षेम’ हा शब्द आपण नित्य व्यवहारांत इतक्या सहजपणें योजितों कीं, त्यांत दोन स्वतंत्र अर्थ सामावलेले आहेत हें बहुधा ध्यानांत राहत नाहीं. जें आपल्यापाशीं नाहीं तें संपादन करणें हा योग, आणि जें संपादिलें आहे त्याचें रक्षण करणें हा क्षेम, असा त्याचा उलगडा भाष्यकारांनीं केला आहे. कौटिल्यानेंही दंडनीतीचें प्रयोजन सांगतांना न मिळालेलें मिळविणें, मिळालेलें राखणें, राखलेलें वाढविणें व वाढविलेलें सत्पात्रीं देणें अशा चार पायऱ्या लाविल्या आहेत. ताम्रपट वाचणारांस याचा आणखी एक दाखला पाठच असेल. दानपत्राच्या अखेरीस जे नेहमींचे श्लोक येतात, त्यांत नवें दान देणें आणि पूर्वजांनीं दिलेलें दान पाळणें यांची तुलना करून पाळण्यास अधिक श्रेय दिलेलें असतें. आपल्या पूर्वजांस दोहोंतील विरोध ठाऊक होता, आणि त्यावरचा तोडगाही त्यांनीं शोधिला होता, हें यावरून दिसतें.

आजच्या राज्याचा योग म्हणजे धरणें, लोहमार्ग, राजरस्ते, खाणी व वाढतीं नगरें. क्षेमाचा विषय म्हणजे लेणीं, देवळें, किल्ले, जुन्या वस्त्यांचीं टेकाडें, शिलालेख आणि दप्तरें. हीं दोन्ही एकाच भूमीवर हक्क सांगूं लागलीं म्हणजे कोणास मागें सारावें, हा प्रश्न गेल्या शंभर-दीडशें वर्षांत वारंवार उपस्थित झाला आहे. त्याचीं दोन उत्तरें फार सोपीं आहेत. जुन्यास हात लावूं नका, धरण दुसरीकडे न्या, असें एक पक्ष म्हणतो. दगडांसाठीं माणसें उपाशीं ठेवावयाचीं काय, असें दुसरा विचारितो. दोन्ही उत्तरांत विचाराचा त्रास वांचतो, हाच त्यांचा मोठा गुण होय. प्रस्तुत लेखांत एका प्रत्यक्ष स्थळाची हकीकत जमेल तितकी तपशीलवार पाहून तिच्यावरून कांहीं नियम बसवितां येतो कीं काय, याचा विचार करावयाचा आहे. तें स्थळ कृष्णातीरींचें नागार्जुनकोंडा हें होय.

परंतु त्यापूर्वीं, क्षेमाचा विचारच मनांत न आल्यास काय घडतें याचें एक उदाहरण नोंदणें अवश्य आहे. पंजाबांतील हडप्पा हें स्थळ जनरल कनिंगहॅम यांनीं १८५३ व १८५६ सालीं पाहिलें होतें. पुढें १८७२-७३ सालीं ते पुन्हां तेथें गेले, तेव्हां लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या कामास लागणारी खडी म्हणून तेथील प्राचीन विटा उपसून नेल्या गेल्या होत्या. सुमारें शंभर मैलांच्या मार्गास पुरेल इतकी वीट या एका स्थळानें दिली, असें त्यांनीं आपल्या अहवालांत लिहून ठेविलें आहे. १९२१ सालीं दयाराम साहनी यांनीं तेथें खणण्यास आरंभ केला, आणि १९२४ सालीं सर जॉन मार्शल यांनीं सिंधुसंस्कृतीचा शोध जगास जाहीर केला. म्हणजे आर्यावर्ताच्या इतिहासास दोन सहस्र वर्षें मागें नेणारा पुरावा जगास कळण्यापूर्वींच त्याचा मोठा भाग रुळांखालीं गेला होता. यांत कोणाचा दुष्ट हेतु नव्हता. मक्तेदारास पक्क्या विटेची किंमत कळत होती. ती वीट कोणत्या भिंतींत, कोणत्या थरांत, कशाशेजारीं होती याचीही कांहीं किंमत असते, हें सांगणारा कोणी तेथें नव्हता, इतकेंच.

आतां मूळ विषयाकडे वळूं. महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा पूर्वेकडे जातां जातां नल्लमल डोंगरांच्या शाखांतून वाट काढिते. तेथें तिच्या उजव्या तीरावर तीन बाजूंनीं डोंगर व चौथ्या बाजूस नदी अशा आडोशांत एक खोरें होतें. हें स्थळ पूर्वीं गुंटूर जिल्ह्यांत मोडे; २०२२ सालापासून तें आंध्र प्रदेशांतील पलनाडु जिल्ह्यांत आहे. तेलुगू भाषेंत कोंडा म्हणजे डोंगर. आचार्य नागार्जुनाचें वास्तव्य येथें होतें अशी परंपरा असल्यामुळें डोंगरास हें नांव पडलें. कोरीव लेखांत मात्र डोंगरास श्रीपर्वत व नगरास विजयपुरी म्हटलें आहे. सातवाहनांची सत्ता मावळल्यावर कृष्णेच्या खालच्या खोऱ्यांत जे इक्ष्वाकु राजे उदयास आले, त्यांची ही राजधानी. वासिष्ठीपुत्र चांतमूल, माठरीपुत्र वीरपुरुषदत्त, एहुवुल चांतमूल आणि रुद्रपुरुषदत्त अशी त्यांची नामावळी लेखांवरून लागते. काल इसवी सनाचें तिसरें शतक व चवथ्याचा आरंभ.

१९२६ सालीं पुरालेख खात्यांतील रंगस्वामी सरस्वती यांच्या दृष्टीस येथील अवशेष पडले. १९२७ ते १९३१ या काळांत लॉंगहर्स्ट यांनीं खणून स्तूप, विहार व चैत्यगृहें उघडीं केलीं, आणि तेथें सांपडलेल्या प्राकृत लेखांचें वाचन फोगेल यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’ या ग्रंथमालेंत प्रसिद्ध केलें. पुढें १९३८ पासून दोन वर्षें टी. एन. रामचंद्रन यांनीं काम चालविलें. या लेखांपैकीं दोहोंचा उल्लेख करणें जरूर आहे. महाचैत्य बांधविणारी चांतिसिरी ही राजाची बहीण; येथील बहुतेक मोठीं दानें अशाच राजकुलांतील स्त्रियांचीं आहेत. दुसरा लेख बोधिसिरी नांवाच्या उपासिकेचा. तिनें सिंहलद्वीपाच्या आचार्यांसाठीं चैत्यगृह बांधविलें, आणि त्या आचार्यांनीं ज्या ज्या देशांत धर्मप्रसार केला त्यांची यादी लेखांत दिली. काश्मीर, गांधार, चीन, तोसली, वंग, वनवासी यांच्या पंक्तींत त्या यादींत ‘अवरंत’ म्हणजे अपरांत, आपलें कोंकण, हेंही आलें आहे. पश्चिम किनाऱ्याचा उल्लेख पूर्वेकडील एका डोंगराआडच्या खोऱ्यांत एका श्राविकेनें कोरून ठेवावा, यावरून त्या स्थळाचा व्याप केवढा होता हें समजतें.

अशा या खोऱ्यावर धरणाचा प्रसंग आला. कृष्णेच्या दोन्ही तीरांवरील पलनाड व नळगोंडा हे प्रदेश अवर्षणाचे. नदी उशाशीं वाहत असून शेतें कोरडीं, अशी तेथील कुणब्याची पिढ्यान्-पिढ्यांची स्थिति. नंदिकोंडा येथें धरण बांधावें अशी योजना ठरली आणि १० डिसेंबर १९५५ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें त्याचा पाया घातला गेला. हेंच नागार्जुनसागर. दगडी बांधकामाचा हा बांध सुमारें १२५ मीटर उंच व सुमारें १,४५० मीटर लांब असून त्याच्या दोन्ही कालव्यांनीं लक्षावधि एकर जमीन भिजते. जो त्या प्रदेशांतील आजची भातशेती पाहील, त्याच्यानें हें धरण नको होतें असें म्हणवणार नाहीं, आणि प्रस्तुत लेखकही तसें म्हणत नाहीं. परंतु धरणाच्या पाण्याखालीं इक्ष्वाकूंची सबंध राजधानी जाणार होती, हेंही तितकेंच खरें.

येथें हडप्प्याहून निराळी गोष्ट घडली. पाणी येणार हें निश्चित झाल्यावर भारत सरकारच्या पुराणवस्तु-संशोधन खात्यानें १९५४ सालीं आर. सुब्रह्मण्यम् यांच्या देखरेखीखालीं सबंध खोऱ्याची तपासणी हातीं घेतली. एखाददुसरा स्तूप निवडून न खणतां शंभराहून अधिक स्थळें नोंदवून एकामागून एक उकरण्यांत आलीं, आणि हें काम १९६० पर्यंत सहा वर्षें चाललें. पाषाणयुगांतील हत्यारें, नवाश्मयुगाचे थर, महाश्मांच्या दफनभूमि, इक्ष्वाकूंचा कोट, अश्वमेधाशीं संबंध जोडलेलें कुंड, नदीवरील घाट, पायऱ्या-पायऱ्यांचें प्रेक्षागार, विहार, चैत्य आणि ब्राह्मणी देवतांचीं मंदिरें अशी अखंड मालिका लागली. पूर्वींच्या खोदकामावरून हें केवळ बौद्धांचें क्षेत्र असावें असा समज झाला होता. कार्तिकेय, शिव व विष्णु यांचीं इक्ष्वाकुकालीन देवळें याच सहा वर्षांत पुढें आलीं, व तो समज पालटला. नाइल नदीवरील आस्वान धरणामुळें नूबियांतील देवळें बुडूं नयेत म्हणून युनेस्कोनें सर्व राष्ट्रांस आवाहन केलें तें मार्च १९६० मध्यें. आपल्याकडील हें काम त्याच्या सहा वर्षें आधीं सुरू झालें होतें, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाहीं. सांगण्याजोगी मात्र आहे.

या खटाटोपाचें फळ काय, असें कोणी विचारील, तर महाराष्ट्राच्या इतिहासाभ्यासकानें एकाच लेखाकडे बोट दाखवावें. कृष्णेच्या कांठीं अष्टभुजस्वामी नांवाच्या विष्णूचें एक देवालय याच तपासणींत उजेडांत आलें. देवाचें नांव कोरलेला एक शंखही तेथें मिळाला. त्या देवाच्या स्थापनेचा जो शिलालेख सांपडला, तो इक्ष्वाकु राजाचा नसून ‘आभीर वसुषेण’ याच्या तिसाव्या वर्षाचा आहे. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या चौतिसाव्या खंडांत प्रसिद्ध केला. लेखाचा आरंभ पुराणपुरुष नारायणास वंदन करून होतो, आणि पुढें यवन राजे, अवंतीचा शक रुद्रदामन् व वनवासीचा सातकर्णि यांचीं नांवें येतात.

आभीर म्हटले कीं आपणांस नाशिक आठवतें. तेथील दहाव्या लेण्यांत माढरीपुत्र ईश्वरसेन या आभीर राजाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नांवाच्या एका शक उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठीं निरनिराळ्या श्रेणींकडे कार्षापणांची कायम ठेव ठेविली, असा त्याचा विषय. या एकट्या लेखावर आभीरांचा इतिहास बरींच वर्षें उभा होता. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं १९५५ सालीं कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत इ. स. २४८-४९ च्या सुमारास सुरू होणारा हा संवत् मूळ आभीरांचा, ईश्वरसेनानें चालू केलेला, असें प्रतिपादन त्यांनीं केलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत बुडावयास निघालेल्या खोऱ्यांतून आभीर राजाचा तिसाव्या वर्षाचा लेख बाहेर यावा, हा योगायोग विलक्षण होय. तें तिसावें वर्ष त्याच संवताचें धरल्यास लेखाचा काल इ. स. २७८ च्या आसपास येतो, आणि नाशिककडील सत्तेचा हात तेवढ्या अल्पकाळांत कृष्णेच्या खालच्या खोऱ्यांत इक्ष्वाकूंच्या राजधानींत पोहोंचला होता असें मानावें लागतें. कांहीं विद्वान् तें वर्ष राज्यारोहणापासून मोजितात. वाद अजून मिटलेला नाहीं. परंतु वाद घालण्यास साधन शिल्लक आहे, हीच मुद्द्याची गोष्ट. त्या सहा वर्षांचें काम झालें नसतें, तर हा शिलालेख आज अथांग पाण्याखालीं असता, आणि तो तेथें आहे हेंही कोणास कळलें नसतें.

उत्खननानंतर अवशेषांची हलवाहलव झाली. नागार्जुनकोंडा डोंगराचा माथा पाण्याबाहेर राहणार होता. तो आतां बेट झाला आहे. तेथें व पूर्वतीरावर अनुपु येथें मिळून नऊ वास्तु नेऊन पुन्हां उभारिल्या, आणि चौदांच्या मोठ्या प्रतिकृति केल्या. बेटावर विहाराच्या धर्तीचें वस्तुसंग्रहालय बांधून तें १९६६ सालीं उघडण्यांत आलें. पुढील वर्षीं, ४ ऑगस्ट १९६७ रोजीं, श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्तें कालव्यांत पाणी सोडण्यांत आलें. खोऱ्यावर जलाशय पसरला, आणि विजयपुरी दिसेनाशी झाली.

या कालगणनेंत एक धडा दडलेला आहे, त्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. धरणाचा पाया १९५५ सालीं पडला. उत्खनन १९५४ सालीं सुरू होऊन १९६० सालीं संपलें. पाणी १९६७ सालीं सुटलें. म्हणजे पुराणवस्तूंच्या शोधापायीं धरण एक दिवसही लांबल्याचें दिसत नाहीं. बांध चढत होता त्याच वर्षांत खोऱ्यांत कुदळ चालली होती. क्षेमाचा विचार योगाच्या आड येतो, हा जो नेहमींचा आक्षेप, त्यास या स्थळापुरतें तरी उत्तर मिळतें : विचार वेळेवर केला तर तो आड येत नाहीं, काम अर्धें झाल्यावर केला म्हणजेच येतो. रस्ता आंखून, मक्ता देऊन, यंत्रें उभीं केल्यावर ज्याच्या पायाखालीं लेणें निघतें, त्यास लेणें शत्रु वाटणारच.

तथापि नागार्जुनकोंड्याची ही हकीकत निव्वळ यशाची म्हणून सांगितल्यास ती अपुरी होईल. तिच्यांत दोन उणीवा आहेत, आणि त्या सांगितल्याखेरीज तिचा उपयोग नाहीं.

पहिली उणीव अटळ स्वरूपाची. वास्तु हलवितां येते, स्थान हलवितां येत नाहीं. बेटावर घाटाच्या पायऱ्या पुन्हां रचिल्या आहेत. त्या पायऱ्यांचे दगड तेच असतील, परंतु ज्या पाण्यासाठीं ते रचिले तें पात्र तेथें नाहीं. कोट, राजवाडा, देवळें, विहार, प्रेक्षागार यांचें परस्परांशीं अंतर काय होतें, विहारांतून निघालेला भिक्षु कोणत्या वाटेनें नगरांत भिक्षेस जात होता, हें आतां नकाशावरूनच समजावयाचें. म्हणून स्थळ अद्वितीय असेल तर प्रथम पर्यायाचा विचार व्हावा, आणि पर्याय खरोखरच नाहीं असें ठरल्यावरच स्थलांतराची भाषा निघावी. स्थलांतर हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

दुसरी उणीव माणसाच्या हातची आहे, आणि तिच्यासाठींच हा लेख मुख्यतः लिहिला आहे. उत्खनन १९६० सालीं संपलें. त्याच्या बृहद् अहवालाचा पहिला भाग, इतिहासपूर्व कालाचा, १९७५ सालीं छापून निघाला. ऐतिहासिक कालाचा दुसरा भाग, म्हणजे ज्या इक्ष्वाकूंसाठीं हें स्थळ प्रसिद्ध त्यांच्यासंबंधींचा भाग, निघाला तो २००६ सालीं. मध्यंतरीं वार्षिक समालोचनांत संक्षिप्त वृत्तें आलीं, लेख स्वतंत्रपणें प्रसिद्ध झाले, हें मान्य केलें पाहिजे. तरीही शेवटली कुदळ उचलल्यापासून मुख्य अहवाल हातीं येईपर्यंत शेहेचाळीस वर्षें गेलीं. उत्खननप्रमुखाच्या हातच्या नोंदी दुसऱ्यानें जुळवावयाच्या, तर त्या कितीही काळजीनें जुळविल्या तरी त्यांत प्रत्यक्ष पाहणाराची दृष्टि उतरत नाहीं. एरव्हींच्या उत्खननांत शंका आली तर पुन्हां जागेवर जाऊन पाहतां येतें. येथें जागाच राहिली नाहीं. बुडणाऱ्या स्थळाचा अहवाल हेंच त्या स्थळाचें उरलेलें शरीर होय. तो छापला गेला नाहीं तोंवर वांचविण्याचें काम पुरें झालें असें म्हणतां येत नाहीं, मग दगड कितीही वर नेलेले असोत. धरणाच्या बाजूनें पाणी वेळेवर आलें. आपल्या बाजूनें ग्रंथ वेळेवर आला नाहीं.

हाच प्रश्न आपल्या घराजवळ कसा दिसतो तें आतां पाहूं. गोमंतकांत सांगे तालुक्यांतील कुर्डी हें गांव साळावली धरणाच्या पाण्याखालीं गेलें. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या आडनांवांतील कुर्डी ती हीच. तेथील महादेवाचें प्राचीन देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ नेऊन पुन्हां उभारिलें आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे गांवचे जुने रहिवासी आजही आपल्या पडक्या वाड्यांशीं व देवस्थानांशीं एकत्र जमतात. भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयांत इंदापूर तालुक्यांतील जुनें पळसदेव असेंच गेलें. नवें गांव वर वसलें. हेमाडपंती धर्तीचें जुनें देऊळ खालींच राहिलें. उन्हाळ्यांत पाणी फार खालीं गेलें कीं त्याचें शिखर, मग सभामंडप उघडा पडतो, लोक पाहावयास जातात, आणि पावसाळ्यांत तें पुन्हां बुडतें. दोन गांवें, दोन निरनिराळे परिणाम. भेद देवळांच्या योग्यतेंत होता असें म्हणवत नाहीं. देऊळ हलविण्याचा निश्चय पाणी येण्यापूर्वीं कोणी केला कीं नाहीं, एवढाच भेद.

परंतु या त्रैमासिकाच्या वाचकांस देवळांहूनही निकटचा असा एक विषय यांत आहे. दगड बुडाला तरी पाणी ओसरल्यावर दिसतो. कागद बुडाला कीं संपला. जुन्या गांवांत काय काय असे, हें दप्तरें चाळणारांस सांगावयास नको. कुलकर्ण्याचें दप्तर, पाटीलकीचे महजर, निवाडे, देवस्थानच्या सनदा, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या, सावकाराच्या चोपड्या, घराण्यांच्या वंशावळी आणि देवघरांतील पोथ्या. १९५० च्या कायद्यानें परगणा व कुलकर्णी वतनें नष्ट झालीं. तेव्हांपासून या रुमालांस सरकारदरबारीं मोल उरलें नाहीं. पुढें गांव उठविण्याची नोटीस आली, तेव्हां घरधन्यानें गाडींत काय भरावें? धान्य, भांडीं, दारें-खिडक्या, छपराचीं लांकडें. ज्या कागदाचा उपयोग कोणी सांगितला नाहीं तो कागद मागें राहिला, तर दोष घरधन्याचा कसा म्हणावा? नुकसानभरपाईच्या यादींत घर येतें, विहीर येते, झाड येतें. दप्तराचा रकाना तींत नसतो. कै. राजवाडे यांनीं गांवोगांव फिरून जें मिळविलें, त्याचें महत्त्व या दृष्टीनें पाहिल्यास दुणावतें. ज्या घरांत ते गेले त्यांपैकीं कित्येक घरें आज उभीं नाहींत. छापलेला खंड तेवढा उभा आहे.

कायद्याची मदत याबाबतींत किती होते? १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानें केंद्र सरकारनें संरक्षित ठरविलेल्या वास्तूंस रक्षण मिळतें, आणि २०१० च्या दुरुस्तीनें त्यांच्या भोंवतीं शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई व त्यापुढें दोनशें मीटरपर्यंत निर्बंध घातले गेले. हें चांगलेंच आहे. परंतु सबंध देशांत अशा संरक्षित वास्तु सुमारें ३,७०० आहेत. राज्य सरकारांनीं संरक्षिलेल्या वास्तु मिळविल्या तरी खेड्यांतील बहुसंख्य देवळें, वीरगळ, सतीचे दगड, गद्धेगाळ, बारवा आणि पांढरीचीं टेकाडें या याद्यांबाहेरच राहतात. यादींत नांव नाहीं म्हणून वस्तु नाहीं, असा अर्थ मात्र काम काढणारा खात्याचा अधिकारी काढितो. यादी वाढविणें हें सरकारचें काम असेल; यादींत काय घालावयाचें हें सांगणें स्थानिक अभ्यासकाचें आहे.

वरील विवेचनावरून चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कोणत्याही मोठ्या कामाची रेषा नकाशावर कायम होण्यापूर्वीं त्या टापूची पाहणी व्हावी. नंतरची पाहणी म्हणजे नुसती तक्रार. दुसरी, या पाहणीचा व स्थलांतराचा खर्च कामाच्या मूळ अंदाजपत्रकांतच धरावा. कालव्याच्या खर्चाशेजारीं तो ठेवून पाहिला म्हणजे त्याचा फारसा बोजा वाटणार नाहीं, आणि तो कोणाकडे मागण्याची याचना करावी लागणार नाहीं. तिसरी, अहवाल छापून निघण्याची मुदत पाणी सोडण्याच्या मुदतीइतकीच बंधनकारक असावी; निदान मूळ नोंदी, नकाशे, छायाचित्रें व लेखांचे ठसे यांच्या प्रती दोन निरनिराळ्या संस्थांत तत्काळ ठेविल्या जाव्यात. चवथी, गांव उठविण्यापूर्वीं त्यांतील कागदपत्रांची, पोथ्यांची व वृद्धांच्या तोंडच्या माहितीची नोंद व्हावी. जो शेतकरी आपली जमीन दुसऱ्याच्या शेतास पाणी मिळावें म्हणून देतो, त्याचा इतिहास तरी त्याच्याजवळ राहूं द्यावा, हें न्यायाचेंही आहे.

यांपैकीं पहिल्या तीन गोष्टींस सरकारची अनुज्ञा व द्रव्य लागेल. चवथी आपल्या हातांतील आहे. आपल्या तालुक्यांत कोणतें धरण, कोणता रस्ता, कोणता कारखाना येऊं घातला आहे, हें वर्तमानपत्रांत आधीं वर्ष-दोन वर्षें येत असतें. त्या टापूंतील गांवांची यादी करावी. सुटीच्या दिवशीं तेथें जावें. शिलालेखांचे ठसे, मूर्तींचीं मापें व छायाचित्रें घ्यावीं. दप्तर असेल त्या घरीं बसून निदान कागदांची टांचणें करावीं. आणि मालकाची इच्छा असेल तर मूळ कागद नाहीं तरी त्यांची प्रत घेऊन संस्थेच्या संग्रहास द्यावी. कागद आपल्या घरच्या कपाटांत आणून ठेविल्यानें क्षेम होत नाहीं, हेंही संग्राहक मित्रांस नम्रपणें सुचवावेंसें वाटतें. नागार्जुनकोंड्याच्या अहवालास शेहेचाळीस वर्षें लागलीं म्हणून हळहळतांना, आपल्या संग्रहांतील कोणते कागद किती वर्षें छापावयाचे राहिले आहेत, याचाही हिशेब प्रत्येकानें मनाशीं करावा.

राज्य धरण बांधील, आणि त्यानें तें बांधावें. तहानलेल्या भूमीस पाणी देणें हा मोठाच योग आहे. पाण्याखालीं जाणाऱ्या भूमीचें नांव, तिच्यावरील अक्षरें आणि तिच्या घरांतील कागद यांचा क्षेम मात्र बराचसा आपणांवर सोंपविलेला आहे. येत्या उन्हाळ्यापूर्वीं ज्यांस आपल्या भागांतील अशा गांवांची यादी करून पाठवितां येईल त्यांनीं ती संस्थेच्या चिटणीसांकडे अवश्य पाठवावी, इतकी विनंती करून हा लेख पुरा करितों.